पोर्टल हब तापतो, तेल गळतं, सील बदलूनही थांबत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

पोर्टल हब म्हणजे चाकाजवळची गिअरची पेटी, जिच्यामुळे ॲक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो. आधी लक्षणं. यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढचं वाचा.

- चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ, त्यावर धूळ बसून झालेला काळा थर.
- चारपैकी एका हबला हात लावता येत नाही, बाकीचे कोमट.
- हबचा फिलर प्लग सैल केला की फुस्स करून हवा सुटते, कधी हवेबरोबर तेलही.
- डिफरन्शियलमधलं तेल कमी होतं, पण जमिनीवर थेंब नाही. उलट एका हबमध्ये भरलं होतं त्यापेक्षा जास्त तेल निघतं.
- पाण्यातून गाडी काढल्यावर तेल दुधाळ होतं.
- ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते.
- आणि सगळ्यात खात्रीचं लक्षण: नवीन सील टाकलं, थोडे दिवस बरं चाललं, पुन्हा तेच.

घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये बांधलेल्या ऑफ-रोड ट्रकवर हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे, की गाडी समोर आली की सीलकडे सर्वांत शेवटी बघतो. सील गळतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या कशामुळे तरी. एकतर आत दाब साठतो, नाहीतर तेलाची पातळी चुकते, उष्णता बाहेरून येते किंवा शाफ्ट आपल्या जागेवर फिरत नाही. त्यातलं कारण तसंच ठेवून सील बदललं तर नवं सीलही त्याच वाटेने जाणार. तपासणीचा क्रम सोप्यापासून अवघडाकडे ठेवला आहे. मधली पायरी गाळू नका, कारण शेवटच्या पायरीला हब उघडावा लागतो आणि तो एकदा उघडला की आधीचे पुरावे पुसले जातात.

एक गोष्ट मनात पक्की असू द्या. पोर्टलमध्ये ॲक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर असते आणि हबमधले गिअर तो फरक भरून काढतात. त्याच गिअरमध्ये वेग कमी होतो, म्हणून हाफ शाफ्टवर (डिफरन्शियलपासून हबपर्यंतचा शाफ्ट) पिळाचा भार कमी येतो. पण त्याच कारणाने हाफ शाफ्ट चाकापेक्षा जास्त वेगाने फिरतो. हमर एच१ च्या हबमध्ये हे प्रमाण १.९२ आहे, लष्करी यूएझेड-४६९ मध्ये १.९४. टायरचा व्यास १ मीटर धरला तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ४२५ फेरे घेतं आणि आतला शाफ्ट सव्वाआठशेच्या आसपास. म्हणजे साध्या ॲक्सलवर जो किरकोळ वाकडेपणा खपून जातो, तो इथे सीलच्या ओठावर, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेवर, जवळपास दुप्पट वेळा आपटतो.

१. ब्रीदर

ब्रीदर म्हणजे हबमधली हवा आत-बाहेर जायची वाट. फुकटात होणारी तपासणी, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गाड्या इथेच बऱ्या होतात.

गाडी चालवून आणा. हब गरम असतानाच ब्रीदरची नळी काढा आणि तोंडाने फुंकून बघा. हवा सहज जायला हवी. चिखल, वाळलेलं तेल, रंगकामाच्या वेळी आत गेलेला रंग, काहीही सापडतं. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा आणि जॅक लावून चाक पूर्ण लोंबकळू द्या. सरळ उभ्या गाडीत मोकळी दिसणारी नळी या अवस्थेत ताणली जाते किंवा दुमडते. कुणी नळी टायच्या पट्टीने इतकी आवळलेली असते की ती तिथेच बंद.

याने इतका फरक का पडतो ते आकड्यात बघा. बंद डब्यातली हवा २० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसला गेली की दाब सुमारे पाव बारने वाढतो. त्यात तेलही ५ टक्क्यांच्या आसपास फुगतं. हब नेमका भरलेला असेल तर त्याने फारसं बिघडत नाही. पण कुणी "थोडं जास्तच असू दे" म्हणून पाचात चार भाग तेल भरलं असेल, तर हवेला उरलेली जागा आणखी कमी होते आणि दाब दुपटीच्या वर, अर्ध्या बारपर्यंत जातो. साधं ऑइल सील असला दाब अडवायला बनवलेलंच नसतं. ते फक्त तेल अडवतं.

उलटंही घडतं. तापलेला हब थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि हब पाणी ओढून घेतो, तेही सीलच्या ओठावरून. दुधाळ तेल तिथून येतं. म्हणून ब्रीदरला नळी लावून तिचं तोंड इंजिनच्या खोलीत, गाडी ज्या पाण्यात उतरणार त्याच्याही वर न्या.

दोन गोष्टी इथेच तपासून घ्या. काही हबना स्वतःचा ब्रीदर नसतो, ते ॲक्सलच्या नळीतून श्वास घेतात. अशा हबच्या आत कुणी "जादा सुरक्षा" म्हणून सील ठोकलं असेल तर हब कोंडला. दुसरं, दोन गिअरचा पोर्टल फिरण्याची दिशा उलटवतो. एक गिअर दुसऱ्याला बाहेरून फिरवतो, त्यामुळे चाक हाफ शाफ्टच्या विरुद्ध दिशेने जातं. मध्ये आयडलर (दोन्हींच्या मधला जादा गिअर) असलेल्या, बोल्टने बसवायच्या किटमध्ये असं होत नाही. यूएझेडमध्येही नाही, कारण तिथे मोठ्या गिअरचे दाते आतल्या बाजूला असतात. दिशा सरळ करायला काहीजण अख्खं डिफरन्शियल हाऊसिंग उलटं बसवतात. चालतं ते, पण मूळचा ब्रीदर आता तळाला येतो, फिलर प्लगची उंची बदलते, आणि पिनियनच्या बेअरिंगला तेल नेणारी खाच भलत्याच बाजूला जाते. तुमचं हाऊसिंग उलटं असेल तर ब्रीदर वर नव्याने काढलाय का, ते आजच बघा.

२. तेलाची पातळी, आणि प्लग खोटं का बोलतो

सपाट जमिनीवर, गाडी थंड असताना, चारही हब आणि दोन्ही डिफरन्शियलमधलं तेल वेगवेगळ्या स्वच्छ भांड्यांत काढा आणि मोजा. नुसतं प्लगमध्ये बोट घालून बघू नका.

कारण असं. कस्टम गाडीत प्रोपेलर शाफ्टचा कोन जुळवायला हाऊसिंग थोडं फिरवून वेल्ड केलेलं असतं. हाऊसिंगबरोबर हबही फिरतो आणि त्याच्यावरचा लेव्हल प्लगही. प्लग मध्यापासून ६० मिलिमीटर पुढे असेल आणि हाऊसिंग ८ अंश फिरलेलं असेल, तर प्लग ८ मिलिमीटर वर किंवा खाली जातो. अरुंद हबमध्ये ८ मिलिमीटर म्हणजे पुष्कळ तेल. "प्लगपर्यंत भरलंय" असं सांगणारा माणूस खरं बोलत असतो, तरी हब तुडुंब भरलेला किंवा कोरडा असतो. त्याच ८ अंशांनी, हबमध्ये ॲक्सल आणि चाक यांच्या मध्यांतलं अंतर १०० मिलिमीटर असेल तर चाकाचा मध्यही सुमारे १४ मिलिमीटर पुढे-मागे सरकतो. व्हीलबेस दोन्ही बाजूंना सारखा का येत नाही, या कोड्याचं उत्तर कधीकधी इथेच असतं, एका बाजूचा हब वेगळ्या कोनात बसलेला असतो.

उपाय सोपा आहे. त्या हबच्या मॅन्युअलमध्ये किंवा किटच्या कागदात दिलेलं माप लिटरमध्ये घ्या आणि तेवढंच मोजून ओता. प्लग विसरा. कागद नसेल तर सुटा हब मूळच्या कोनात उभा धरून प्लगपर्यंत भरायचा, ते तेल काढून मोजायचं आणि तो आकडा हबवरच रंगाने लिहून ठेवायचा.

जास्त तेल भरलं की गिअर ते घुसळत बसतात, घुसळण्याने उष्णता, उष्णतेने दाब. कमी भरलं तर वरच्या इनपुट बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नाही, कारण खालचा गिअर वर उडवेल तेवढंच तेल त्याला मिळतं. सावकाश, दगडांवरून सरपटत जाणाऱ्या गाडीत हे जास्त जाणवतं.

आता भांड्यांकडे बघा. एका हबमध्ये जास्त आणि डिफरन्शियलमध्ये तितकंच कमी असेल तर आतलं शाफ्ट सील गेलं आहे, बाहेरचं नाही. गाडी नेहमी उतारावर एका कुशीला उभी राहत असेल तर खालच्या बाजूचा हब भरत जातो. अशा गाडीत लोक चाकाजवळचं सील पुन्हा पुन्हा बदलतात, आणि गळती काही थांबत नाही.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर काळजी नको, गिअर चालले की ती येतेच. बोटात टोचणारी चकचकीत कपची, खपली किंवा दात्याचा तुकडा असेल तर इथेच थांबा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा. तो हब आता रस्त्यावर न्यायचा नाही.

३. उष्णता नक्की कुठली?

टेंपरेचर गन लागेल. गाडी अर्धा तास चालवा, शेवटचा टप्पा ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्या, आणि लगेच प्रत्येक हबवर तीन ठिकाणी मोजा: वर इनपुट बेअरिंगजवळ, खाली चाकाच्या बेअरिंगजवळ, आणि ब्रेक डिस्क किंवा ड्रमवर. चकचकीत धातूवर गन खूप कमी आकडा दाखवते, म्हणून मोजायच्या जागी आधीच काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्या.

एकट्या आकड्यापेक्षा तुलना कामाची. चारही हब सारखे तापले असतील तर तेलाचं प्रमाण, तेलाचा प्रकार किंवा गाडीचा वेग बघा. एकच हब इतरांपेक्षा २०-३० अंशांनी पुढे असेल तर त्याच्यातच काहीतरी आहे. साधं नायट्राइल रबराचं सील १०० अंशांच्या आसपास कडक व्हायला लागतं. व्हायटॉन या जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराचं २०० पर्यंत तग धरतं. पण व्हायटॉन टाकून मोकळं होणं म्हणजे तक्रार पुढे ढकलणं.

डिस्क सर्वांत गरम असेल तर दोष ब्रेकचा, हबचा नाही. चाक उचलून हाताने फिरवा. अडत असेल तर ब्लीडर स्क्रू (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर लाईनमध्ये दाब अडकून राहतोय: रबरी होज आतून सुजली असेल, किंवा ड्रम काढून डिस्क बसवताना मास्टर सिलिंडरमधला ड्रमसाठीचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाईनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह, तसाच राहिला असेल. हा दुसरा प्रकार कस्टम गाडीत फार दिसतो. ब्लीडर उघडूनही चाक अडलेलंच असेल तर कॅलिपरच्या पिना, ब्रॅकेटचा वाकडेपणा, हँडब्रेकची केबल.

लायनिंगवर तेल गेलं असेल तर ते धुऊन पुन्हा लावू नका. तेल आत मुरतं आणि गरम झालं की वर येतं. नवीन टाका, दोन्ही बाजूंना.

४. हाताने हलवून बघणं

चाक उचला, खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, पोर्टल आणि मोठे टायर यांचं वजन गंमत नाही. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून. प्ले जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तसाच राहिला तर किंगपिनमध्ये, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यात.

बेअरिंग सैल असेल तर सीलच्या ओठाला शाफ्टच्या मागे धावता येत नाही, एका बाजूला फट पडते. पण नुसतं आवळून मोकळे होऊ नका, ते सैल का झालं ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर चाकात असतं. रुंद टायर, बाहेर काढलेला ऑफसेट, वर स्पेसर (चाक बाहेर काढणारी चकती). चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवरचा तरफेचा भार वाढतो. पोर्टल हबमध्ये तेच बेअरिंग खालच्या गिअरलाही सांभाळतं, म्हणून त्याचा प्ले दात्यांच्या जुळणीतही उतरतो. स्पेसर काढून थोडे दिवस गाडी चालवून बघणं हा स्वस्त प्रयोग आहे. कुणाला आवडत नाही, गाडी अरुंद दिसते म्हणून.

याच वेळी हब ज्या बोल्टांनी ॲक्सलच्या फ्लँजला धरलेला आहे ते टॉर्क पान्याने तपासा. बोल्टाभोवती तांबूस भुकटी दिसली तर तिथे धातू धातूवर घासतोय. नुसता बोल्ट आवळून भागणार नाही. फ्लँज सपाट आहे का, डॉवेल पिना घट्ट आहेत का ते बघायला हब उतरवावा लागेल.

५. हब उतरवल्यावर

आता सील हातात येतं. फेकण्याआधी ते नीट बघा. ओठ सगळीकडून सारखा झिजलेला असेल तर वय किंवा दाब. एकाच बाजूने झिजलेला असेल तर शाफ्ट मध्यावर नाही. ओठ कडक होऊन चिरला असेल तर उष्णता.

शाफ्टवर जिथे सील घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडली आहे आणि नवं सील त्यात बसणार नाही. पातळ रिपेअर स्लीव्ह चढवता येते. जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवूनही भागतं.

पुढची तपासणी कस्टम गाडीतच लागते, कंपनीच्या गाडीत सहसा नाही: हाफ शाफ्टची लांबी. मापाने बनवून घेतलेला शाफ्ट थोडा जरी लांब असला तर तो आत डिफरन्शियलमध्ये आणि बाहेर इनपुट गिअरवर टेकून बसतो. सगळा दाब इनपुट बेअरिंगवर, आणि हब वरच्या बाजूने तापतो. पायरी ३ मध्ये वरचा आकडा मोठा आला असेल तर आधी इथेच बघा. शाफ्टच्या टोकाला मऊ माती लावा, हब बसवून बोल्ट आवळा, परत उघडा. माती पूर्ण चेपून धातूला धातू लागला असेल तर शाफ्ट लांब आहे. जोडणीनंतर शाफ्टला आत-बाहेर थोडी मोकळीक असायलाच हवी.

लांबी बरोबर असेल तर उरतो नळीचा सरळपणा. ब्रॅकेट, लिंकचे कान, स्प्रिंगच्या गाद्या, यांचं बहुतेक वेल्डिंग नळीच्या एकाच बाजूला होतं, आणि वेल्ड थंड होताना नळीला त्या बाजूला ओढतं. डोळ्यांना दिसत नाही. पण हबमधल्या बेअरिंगला शाफ्ट तिरका येतो. दात्यांवर मार्किंग ब्लू (ठसा दाखवणारा निळा रंग) लावून हब हाताने फिरवा. ठसा दात्याच्या मधोमध यायला हवा. तो एकाच कडेला येत असेल, आणि दुसऱ्या बाजूच्या हबमध्ये नीट मध्ये येत असेल, तर नळी वाकली आहे असं धरून चाला.

इथे थांबा

पुढची कामं स्वतः करायची नाहीत. यंत्रं लागतात म्हणून तर आहेच, पण चूक झाली तर चाक गाडीपासून वेगळं होऊ शकतं म्हणूनही.

नळी सरळ करणं किंवा फ्लँजचं तोंड मशीनवर घेणं: ॲक्सलचं काम करणारं मशीन शॉप, ज्यांच्याकडे अलाइनमेंट बार आहे. आग देऊन, हातोड्याने सरळ करतो म्हणणाऱ्याकडे नको.

स्टिअरिंग नकल, स्टिअरिंग आर्म किंवा ओतीव हाऊसिंगला चीर दिसली तर वेल्डिंग करून घेऊ नका. भाग बदला. तो मिळतच नसेल तर ओतीव धातूची जात ओळखून, आधी तापवून, नंतर सावकाश थंड करून वेल्ड करणारा माणूस शोधा आणि त्याच्याकडून चिरेची तपासणीही करून घ्या.

चुंबकावर खपल्या, तुटलेला दाता, बेअरिंगच्या रिंगवर निळसर डाग: गिअर आणि बेअरिंग सेट करणाऱ्या कारागिराकडे. शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या), प्रीलोड (बेअरिंगला दिलेला ताण), दात्यांमधली फट हे डायल गेजचं काम आहे, अंदाजाचं नाही. आणि ब्रेकचा पेडल मऊ लागत असेल किंवा गाडी ओढत असेल तर ती चालवत नेऊ नका, उचलून न्या.

जाताना काढलेलं सील, चारही हबच्या तेलाची मापं, तीन-तीन ठिकाणची तापमानं आणि चुंबकावरचा गाळ एका कागदात गुंडाळून सोबत घ्या. हे हातात असलं की कारागीर नेमक्या जागी उघडतो. नाहीतर तोही सीलपासूनच सुरू करेल.

काम होऊन गाडी परत आली की पहिल्या ५० किलोमीटरनंतर हबचे बोल्ट पुन्हा टॉर्कला लावा, त्याच तीन जागी तापमान मोजा, आणि ५०० च्या आसपास तेल एकदा काढून चुंबक बघा. नव्या गिअरची पेस्ट सुरुवातीला जास्त येते. दुसऱ्या वेळी ती कमी व्हायला हवी. तितकीच किंवा जास्त आली तर ज्याने सेट केलं त्यालाच दाखवा, पुढच्या ट्रिपच्या आधी.